तीन मतांचा खासदार

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या कुरकुंभ गावाला लोक फिरंगाईच्या देवळामुळे ओळखतात, अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे. पण चहाच्या टपरीवर निवडणुकीचा विषय निघाला की एकच आकडा पुढे येतो : ७४६. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत दौंड मतदारसंघात राहुल कुल यांनी रमेश थोरात यांच्यावर मात केली ती एवढ्याच मतांनी. दोन लाखांहून अधिक मतांत हे अंतर! त्या दिवशी मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो. मतदानाला आलो नाही. एका मताने काय अडते, असे वडिलांना फोनवर ऐकवलेही होते.

वडील जुने शाळामास्तर. ते रागावले नाहीत. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांनी दादाभाई नौरोजींचे चरित्र माझ्या हाती ठेवले. तोवर दादाभाई म्हणजे माझ्या लेखी पाठ्यपुस्तकातली पगडी आणि पांढरी दाढी, एवढेच.

१८२५ साली मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात ते जन्मले. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणकबाई निरक्षर, पण तिने मुलाला शिकवले. एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापकपद मिळवून ते १८५५ साली कामांच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेला गेले. मधल्या काळात बडोद्याला मल्हारराव गायकवाडांची दिवाणगिरीही त्यांनी केली. हिंदुस्थानची संपत्ती दरसाल इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे ते आकड्यांनिशी मांडत राहिले. पण हिशेब मांडून भागत नाही, जिथे कायदे होतात तिथे जाऊन तो वाचला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

१८८६ साली होबर्नमधून ते पडले. मग त्यांनी मध्य फिन्सबरी निवडले. घड्याळे बनवणाऱ्या कारागिरांच्या क्लार्कनवेलचा हा मतदारसंघ १८८५ साली निर्माण झाला आणि पहिल्यापासून चंचल. पहिल्या खेपेस लिबरल, वर्षभरात काँझर्व्हेटिव्ह. दादाभाईंना पक्षातूनच विरोध झाला. पंतप्रधान सॉल्सबरी यांनी १८८८ साली जाहीर सभेत त्यांच्या वर्णावरून टोमणा मारला. त्याने उलट दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले. ते चार वर्षे दारोदार फिरत राहिले.

१८९२ च्या जुलैत निकाल लागला. दादाभाई तीन मतांनी निवडून आले!  नौरोजी या नावावर कोटी करून लोक त्यांना नॅरो-मेजॉरिटी म्हणू लागले. सासष्ट वर्षांच्या या गृहस्थाने अवेस्तावर हात ठेवून कॉमन्स सभेत शपथ घेतली. सनदी परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्याव्यात, हा ठराव १८९३ साली त्याच सभेने संमत केला. सरकारने तो अमलात आणला नाही, ही गोष्ट वेगळी.

१८९५ साली फिन्सबरीने पुन्हा कूस बदलली आणि दादाभाई पडले. १९०६ ला लिबरल, १९१० ला पुन्हा काँझर्व्हेटिव्ह, असे हेलकावे घेत १९१८ साली तो मतदारसंघच नकाशावरून गेला. दादाभाई थांबले नाहीत. खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगावर ते बसले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. १९१७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुस्तक मिटले तेव्हा मला ते तिघे जण दिसू लागले. कोणी दुकान लवकर बंद करून आला असेल, कोणी पावसात. त्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. ते घरी बसते, तर हिंदुस्थानच्या गरिबीचा हिशेब त्या सभागृहात मांडायला कदाचित दादाभाई नसते.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी पहाटेची एसटी धरून गावी आलो. वडील रांगेत माझ्यापुढे उभे होते. त्या वेळी निकालाचे अंतर पुष्कळ मोठे पडले. माझ्या मताने काही ठरले नाही. पण बोटावरची शाई पाहून वडील हसले, आणि पाच वर्षांपूर्वीचे माझे फोनवरचे वाक्य त्या दिवशी मला मागे घेता आले.