सत्ता गेल्यावर शाळा उभारणारे तंजावरचे सरफोजीराजे

तंजावूर : तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात आज येणारे पर्यटक दरबार महाल आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततात. दोनशे वर्षांपूर्वी याच राजवाड्याच्या आश्रयाने मुलांना भाषा, शास्त्रे आणि कलाकौशल्ये शिकवणारी 'नवविद्याकलानिधी' शाळा आणि तिच्यासाठी पुस्तके छापणारा देवनागरी छापखाना चालत होता, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे हे या दोहोंचे कर्ते.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाराजांचे निधन झाले. गादी मिळाली ती तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांना. दत्तकपुत्राचा वाड्यात छळ होऊ लागला आणि त्याचे शिक्षणही थांबल्यासारखे झाले. तुळजाराजांनी मुलाला जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन केले होते. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे पाठपुरावा करून १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवले. तेथे गेरिके या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. राजे अखेरपर्यंत हिंदू धर्माचरणातच राहिले, पण गुरूंविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी लपवली नाही. श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडमधील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांचे वेतन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. बाविशीतल्या राजाला फौजही नव्हती आणि कर बसवण्याचा अधिकारही नव्हता. अशा स्थितीत ऐषारामात रमलेले संस्थानिक इतिहासाला पुष्कळ ठाऊक आहेत. सरफोजींनी मात्र हातातला पैसा कोठे लावायचा याचा निर्णय फार लवकर घेतला.

रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे वाटसरूंना अन्न आणि निवारा देणारी धर्मादाय स्थाने, कंपनीने ताब्यात घेऊ नयेत यासाठी त्यांनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना सविस्तर पत्र लिहिले. तेथे यात्रेकरूंना जेवण मिळे, आजाऱ्यांवर उपचार होत आणि अनाथ मुलांना विद्याही मिळे. कारभार गमावलेल्या राजाने आग्रह धरला तो या छत्रांसाठी, आणि ती त्यांच्याकडे राहिली. १८०२ मध्ये मुक्तांबा यांच्या स्मरणार्थ ओरत्तनाड येथे उभारलेले छत्र यांतील सर्वांत नावाजलेले. अन्नछत्राला शाळा जोडून देण्याची ही रीत साधी वाटते. पण गरिबाचे मूल शाळेत टिकायचे, तर आधी त्याच्या जेवणाची सोय हवी, हे व्यवहारज्ञान तिच्यात होते.

'नवविद्या' या नावातच नव्या अभ्यासक्रमाचा हेतू दिसतो. जुन्या शास्त्रांना न हटवता त्यांच्या शेजारी युरोपातून आलेले ज्ञान बसवायचे, आणि तेही देशी भाषांतून. त्यासाठी पुस्तके हवी होती आणि ती हाताने नकलून पुरणार नव्हती. म्हणून १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू झाला. दक्षिणेत असा छापखाना तोवर नव्हता. त्यातून संस्कृत ग्रंथ निघाले, तसेच सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तकही निघाले. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले होते. मुंबईत मराठी शालेय पुस्तकांची व्यवस्थित तजवीज व्हायला १८२० नंतरचा काळ उजाडला. मराठी मुलांसाठीच्या छापील वाचनाची सुरुवात अशी तमिळ मुलखात, कावेरीकाठी झाली.

भूगोल शिकवण्याची त्यांची तऱ्हा तर विलक्षणच म्हणावी लागेल. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी नृत्यनाट्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगातील देशांची माहिती गाऊन सांगते. तमिळ लोकनाट्याचा परिचित साचा त्यांनी पाठासाठी वापरला.

वैद्यकातही हाच मार्ग होता. 'धन्वंतरी महाल' येथे वैद्य औषधे सिद्ध करीत आणि त्यांचे गुण पडताळून पाहत. नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या जात. पाहून, मोजून, लिहून ठेवण्याची ही शिस्त हाताला लागण्यासाठी चित्रकार आणि वैद्य एकत्र बसावे लागत.

या कार्याला मर्यादाही होत्या. सारा डोलारा एका राजाच्या आवडीवर आणि वेतनावर उभा होता. पुण्या-मुंबईच्या शिक्षणाशी तंजावरच्या छापखान्याचा धागा जुळला नाही, आणि महाराष्ट्रातील मुद्रणाची परंपरा वेगळ्याच वाटेने वाढली. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ७ मार्च १८३२ रोजी, सरफोजीराजांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारसाविना निवर्तले आणि संस्थान खालसा झाले.

१८२० ते १८२२ या काळात काशीयात्रेला गेले असता राजांनी जमवून आणलेल्या हस्तलिखितांची सरस्वती महालात भर पडली. १९१८ मध्ये हे ग्रंथालय सर्वसामान्यांसाठी खुले झाले. नेत्ररुग्णांच्या त्या सचित्र नोंदी तेथेच जपून ठेवलेल्या आहेत.