मार ज्यूलियस आल्वारिस आणि सुरियानी भाषा

गोव्यांतील वेर्णें गांवीं २९ एप्रिल १८३६ रोजीं आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस यांचा जन्म झाला. मोठेपणीं ते रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरु झाले. त्या काळीं गोव्यांत उपासना लॅटिन भाषेंत चाले आणि राज्य पोर्तुगिजांचें होतें. धर्मसत्ता व राजसत्ता यांची गांठ तर अशी कीं, एकीस बोल लावावा आणि दुसरीनें रागवावें. आल्वारिस यांचा पिंड पत्रकाराचा. त्यांनीं नियतकालिकें काढलीं, निर्भीडपणें लिहिलें आणि दोहींचाही रोष ओढवून घेतला.

पुढें १८८६ सालीं पोप व पोर्तुगाल यांच्यामध्यें करार होऊन हिंदुस्थानांतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्या गोव्याच्या अधिकारांतून काढण्यांत आल्या. हें अनेकांस रुचलें नाहीं. आल्वारिस यांनीं रोमशीं असलेला संबंधच तोडला व ते केरळांतील सुरियानी मंडळीकडे वळले. तेथें कोट्टयम येथें १८८९ सालीं त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळून मार ज्यूलियस हें नांव देण्यांत आलें. ‘मार’ हा शब्द सुरियानी असून त्याचा अर्थ ‘स्वामी’ असा आहे.

ही सुरियानी कोणती, असें बालवाचक विचारतील. येशू ख्रिस्त ज्या अरामी भाषेंत बोलत, तिचीच ही एक शाखा. आज तुर्कस्तानांत असलेलें उर्फा शहर, म्हणजेच प्राचीन एदेस्सा, हें तिचें माहेर. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. पेशित्ता नांवाचें बायबल तिच्यांतच आहे आणि इ. स. ३७३ मध्यें निवर्तलेले संत एफ्रेम यांनीं आपलीं धर्मगीतें तिच्यांतच रचलीं. इराणी ख्रिस्ती लोकांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यास आली. सहाव्या शतकांतील प्रवासी कॉस्मस यानें कल्लियाना येथें इराणांत दीक्षा घेतलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे. तें बंदर म्हणजे आपलें कल्याणच, असें बहुतेक पंडित मानतात. केरळांत मात्र तिचीं मुळें खोल गेलीं. तेथील ख्रिस्ती लोक घरीं मल्याळम बोलत व देवळांत सुरियानी ऐकत.

या भाषेवर मोठें संकट आलें तें गोव्याहूनच. १५९९ सालीं गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनीं केरळांत उदयंपेरूर येथें धर्मसभा भरविली आणि आक्षेपार्ह ठरलेलीं सुरियानी पुस्तकें दुरुस्त करविलीं किंवा जाळविलीं. त्या राखेंत काय काय गेलें याची गणती कोण करणार! त्यानंतर बरोबर २९० वर्षांनीं गोव्याचाच एक पुत्र त्याच सुरियानी परंपरेचा बिशप झाला.

असें असूनही आल्वारिस यांनीं ती भाषा कोणावर लादली नाहीं. गोव्यांतील व ब्रह्मावर येथील आपल्या कोंकणी अनुयायांची जुनी लॅटिन उपासना त्यांनीं पॅट्रिआर्कच्या संमतीनें तशीच चालूं ठेविली. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हाच भाग सर्वांत थोर वाटतो.

गोव्यांत परतल्यावर त्यांच्या वांट्यास अवहेलना आली. अंगावरचीं धर्मवस्त्रें उतरवून त्यांस कैदेंतही नेण्यांत आलें. परंतु पटकीवर उपचार कसे करावे, दुष्काळांत उपयोगी पडणारा साबुदाण्याचा कंद कसा लावावा, हें लोकांस लिहून सांगण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. निराधार व महारोगी यांच्यासाठीं हा बिशप स्वतः भिक्षा मागत फिरे.

२३ सप्टेंबर १९२३ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, रायबंदर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांस प्रथम पणजीस सांतिनेज येथील स्मशानभूमींत पुरण्यांत आलें. पुढें त्यांच्या अस्थि तेथून काढून रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स देवळांत ठेवण्यांत आल्या. त्या तेथेंच आहेत.