हरत हरत युद्ध जिंकणारा सेनापती : नॅथानिएल ग्रीन

लॉर्ड कॉर्नवॉलिस म्हटलं की आपल्याला शाळेतली कायमधारा पद्धत आठवते. पण हिंदुस्थानात येण्याआधी पाचच वर्षं हा माणूस अमेरिकेत शरण गेला होता. त्याला तिथे पळवून पळवून दमवणारा सेनापती होता नॅथानिएल ग्रीन.

ग्रीनचा जन्म १७४२ चा, ऱ्होड आयलंडमधला. घराणं क्वेकर, म्हणजे युद्धच निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. घरच्या भट्टीत जहाजांचे नांगर बनत. शाळा फारशी झाली नाही, पण वाचनाचं वेड होतं. एका पायाने लंगडा, वर दम्याचा त्रास. १७७४ मध्ये गावकऱ्यांनी पलटण उभारली, तेव्हा लंगडा अधिकारी शोभणार नाही म्हणून त्याला पद नाकारलं गेलं. तो साधा शिपाई म्हणून कवायतीला उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला!

सुरुवातीला ठेचही मोठी लागली. १७७६ मध्ये न्यूयॉर्कचा फोर्ट वॉशिंग्टन सोडू नये, हा त्याचा सल्ला चुकला आणि सुमारे २,८०० सैनिक कैद झाले. तरी सरसेनापती वॉशिंग्टनचा विश्वास उडाला नाही. १७७८ पासून दोन वर्षं ग्रीनने रसदखातं सांभाळलं. ते काम त्याला आवडत नव्हतं, पण पोट भरलं तरच पलटण चालते, हे तो तिथेच शिकला.

डिसेंबर १७८० मध्ये दक्षिणेची फौज त्याच्या हाती आली, तीही हरलेली, उपाशी आणि अंगावर धड कपडे नसलेली. समोर कॉर्नवॉलिस. ग्रीनने आधी नद्यांचे उतार तपासून घेतले, होड्या जमवल्या आणि मग माघार सुरू केली. पाठलागाच्या घाईत कॉर्नवॉलिसने स्वतःचंच जड सामान जाळलं. फेब्रुवारीत ग्रीन डॅन नदीपार झाला. इंग्रज काठावर पोचले तेव्हा एक होडी शिल्लक नव्हती. आपल्याकडच्या गनिमी काव्याची आठवण यावी, असाच हा डाव.

मार्चमध्ये गिलफर्डला लढाई झाली. मैदान इंग्रजांनी मारलं, पण सुमारे १,९०० पैकी ५०० हून अधिक माणसं गमावून. पुढेही ग्रीन हरतच राहिला. मात्र दर वेळी इंग्रजच मागे सरकत गेले. थकलेला कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात गेला आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला शरण आला.

विजयानंतर ग्रीनच्या वाट्याला सुख आलं नाही. सैनिकांच्या कपड्यालत्त्यासाठी तो पुरवठादाराला जामीन राहिला होता. ते कर्ज त्याच्याच गळ्यात पडलं. जॉर्जियाने इनाम दिलेल्या मळ्यावर तो राहायला गेला. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाचा मळा गुलामांच्या कष्टावर चालत होता, हेही सांगायलाच हवं. १९ जून १७८६ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी तो वारला.

त्याच सप्टेंबरात कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला. १७९१ मध्ये टिपूवर चालून गेला असता श्रीरंगपट्टणजवळ त्याच्या फौजेची पुन्हा उपासमार झाली, बैल मेले, तोफा मोडून टाकाव्या लागल्या. या वेळी मात्र धारवाडचा किल्ला घेऊन आलेले परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मदतीला पोचले. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजाराने इंग्रजांची फौज जगवली.