मेक्सिकोचे धर्मवीर फादर मिगेल प्रो

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीं ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर प्राणार्पण केलें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहेच. परंतु त्याच दिवशीं त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन संघाचे दुसरे एक बंधु, संत फेलिप दे हेसूस, यांनींही देह ठेविला, आणि ते मेक्सिको शहरीं जन्मलेले होते, हें थोड्यांच्याच ध्यानांत असेल. अशा रीतीनें मेक्सिकोच्या ख्रिस्ती प्रजेशीं आपलें नातें रक्तानें जोडलेलें आहे. त्या घटनेस तीनशें तीस वर्षें लोटल्यावर त्याच मेक्सिको शहरांत एका धर्मगुरूनें श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्यांचें चरित्र ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटलें.

मिगेल आगुस्तिन प्रो यांचा जन्म ता. १३ जानेवारी १८९१ रोजीं साकातेकास प्रांतांतील ग्वादालुपे गांवीं झाला. वडील खाणींच्या कामावर अधिकारी होते. मिगेल लहानपणापासून मोठे विनोदी. गिटार वाजवावी, लोकांच्या नकला कराव्या व घर हसतें ठेवावें, असा त्यांचा स्वभाव. इ. स. १९११ मध्यें ते येशूसंघांत दाखल झाले. पण तीन वर्षांतच क्रांतीची धामधूम मठापर्यंत येऊन पोहोंचली व त्या तरुणांस देश सोडणें भाग पडलें. कॅलिफोर्निया, स्पेन, निकाराग्वा व बेल्जियम असा त्यांचा वनवास झाला. ता. ३१ ऑगस्ट १९२५ रोजीं बेल्जियममध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळीं घरचें एकही माणूस जवळ नव्हतें. पुढें पोटाच्या विकारानें ते जर्जर झाले, शस्त्रक्रियाही झाल्या. तेव्हां १९२६ च्या जुलै महिन्यांत वरिष्ठांनीं त्यांस स्वदेशीं पाठविलें.

ते परतले ते वादळाच्या तोंडींच. १९१७ च्या राज्यघटनेनें मठव्रतें बंद केलीं होतीं व धर्मगुरूंचे नागरिक हक्क काढून घेतले होते. तीं कलमें कडकपणें अंमलांत आणण्यासाठीं अध्यक्ष काय्येस यांनीं केलेला कायदा ता. ३१ जुलै १९२६ रोजीं लागू झाला. झगा घालून लोकांत वावरणाऱ्या धर्मगुरूस पांचशें पेसो दंड होता. निषेध म्हणून बिशपांनीं देवळांतील सार्वजनिक उपासना थांबविली. खेड्यापाड्यांत कित्येकांनीं शस्त्र उचललें. क्रिस्तेरो या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या लढ्यावर २०१२ सालीं चित्रपटही निघाला. फादर प्रो यांचा मार्ग मात्र निराळा होता. देवळें ओस पडलीं, तर घरेंच देवळें करावीं, असें त्यांनीं ठरविलें.

शहरांत ठिकठिकाणीं घरें नेमलीं गेलीं. तेथें गुप्तपणें मिस्सा होई, पापनिवेदनें ऐकलीं जात, शेंकडों लोकांस पवित्र कम्युनियन मिळे. कधीं कारागिराच्या वेषांत, कधीं ऐटबाज तरुणाच्या, असे फादर सायकलवरून हिंडत. एकदां पोलीस पाठीशीं लागले असतां, ओळखीच्या एका तरुणीच्या हातांत हात घालून ते प्रियकरासारखे चालूं लागले व शिपाई फसले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. उपाशी कुटुंबांस धान्य पोहोंचविण्याचें कामही त्यांनीं अंगावर घेतलें. यांत धोका त्यांच्या एकट्याचा नव्हता. ज्यांनीं ज्यांनीं त्यांस दार उघडलें, त्या प्रत्येकास दंडाचें व तुरुंगाचें भय होतें.

ता. १३ नोव्हेंबर १९२७ रोजीं जनरल ओब्रेगोन यांच्या मोटारीवर बाँब टाकण्यांत आला. हल्लेखोरांची मोटार पूर्वीं फादरांचे बंधु उंबेर्तो यांच्याकडे होती. एवढ्यावरून तिघां भावांस पकडण्यांत आलें. कटाचे सूत्रधार सेगुरा विल्चिस यांनीं अपराध कबूल केला, तरीही खटला न चालवितांच फादरांस देहदंडाचा हुकूम सुटला. ता. २३ नोव्हेंबर रोजीं सकाळीं त्यांस पोलीस ठाण्याच्या आवारांत आणलें. सरकारनें वार्ताहर व छायाचित्रकार मुद्दाम बोलाविले होते. या देखाव्यानें कॅथलिकांची छाती दडपेल, अशी अटकळ असावी. फादरांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली, मारेकऱ्यांस क्षमा केली व डोळ्यांवर पट्टी बांधूं दिली नाहीं. मग एका हातांत क्रूस व दुसऱ्या हातांत जपमाळ घेऊन त्यांनीं दोन्ही बाहू पसरले, आणि ख्रिस्तराजाचा जयजयकार करीत गोळ्या झेलल्या. उंबेर्तो यांसही त्याच सकाळीं ठार करण्यांत आलें. रोबेर्तो मात्र अर्जेंटिनाच्या राजदूताच्या रदबदलीमुळें वांचले.

परिणाम उलटाच झाला. दुसऱ्या दिवशीं हजारों लोक अंत्ययात्रेस लोटले, आणि सरकारनें काढविलेलीं तींच छायाचित्रें भाविकांनीं भक्तिभावानें जपलीं. १९२९ च्या जूनमध्यें तडजोड होऊन देवळांत मिस्सा पुन्हां सुरू झाल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ता. २५ सप्टेंबर १९८८ रोजीं फादर प्रो यांस धन्यपदीं चढविलें.

ज्युबिलीच्या वेळीं आपण देवळाच्या वयाचा हिशेब करतों, आणि तो योग्यच आहे. परंतु मेक्सिकोंत तीन वर्षें वेद्या रित्या राहिल्या, तरी धर्मग्राम मेला नाहीं. कारण धर्मगुरु वेदी घेऊन दारीं आला व घरच्यांनीं दार उघडलें. एका मिस्सेसाठीं तेथें माणसें जिवावर उदार झालीं होतीं, हें स्मरून आपण येत्या रविवारीं वेदीपुढें गुडघे टेकूं, तर आपली ही ज्युबिली खरोखर सार्थकीं लागेल.