जॉनी कार्सन: वॉशिंग्टनचे घोटाळे घरोघरी पोहोचवणारा विनोदवीर

१९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवरील टुनाइट शो हा रात्रीचा लोकप्रिय कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील बरबँक येथे हलवण्यात आला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १७ जून रोजी पहाटे, वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. मात्र पुढील दोन वर्षांत अमेरिकेच्या इतिहासातील सर्वात गाजलेला राजकीय घोटाळा सामान्य माणसाच्या शयनगृहापर्यंत नेण्याचे काम बरबँकच्या त्या रंगमंचाने केले. त्या रंगमंचावर दररोज उभे राहणारे गृहस्थ होते जॉनी कार्सन.

कार्सन पत्रकार नव्हते आणि राजकीय विचारवंतही नव्हते. आपल्याला कोणत्याही पक्षाचे मानले जाऊ नये, याबाबत ते कमालीचे दक्ष असत. तरीही सत्तरीच्या दशकात एखाद्या नेत्याची लोकमानसातील पत घसरली आहे की नाही, हे जाणण्यासाठी वॉशिंग्टनमधील जाणकार त्यांच्या सुरुवातीच्या निवेदनाकडे लक्ष ठेवून असत.

जॉन विल्यम कार्सन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ रोजी आयोवा राज्यातील कॉर्निंग या लहानशा गावी झाला. त्यांचे बालपण नेब्रास्कातील नॉरफोक येथे गेले. बाराव्या वर्षी जादूच्या प्रयोगांचे एक पुस्तक हाती पडले आणि मुलाने पत्त्यांचे हात शिकून घेतले. चौदाव्या वर्षापासून ते स्थानिक संस्थांच्या कार्यक्रमांत ‘द ग्रेट कार्सोनी’ या नावाने प्रयोग करू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात दाखल झाले. युद्धानंतर नेब्रास्का विद्यापीठातून त्यांनी १९४९ मध्ये पदवी घेतली. रेडिओसाठी विनोद कसा लिहावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि त्यासाठी त्यांनी प्रसिद्ध विनोदवीरांच्या ध्वनिमुद्रणांचे नमुने जोडून ध्वनिफीतच सादर केली. पुढे ज्या राष्ट्राध्यक्षांवर त्यांनी सर्वाधिक विनोद केले, त्यांचे पदही ध्वनिफितींमुळेच गेले, हा एक योगायोग म्हणावा लागेल.

ओमाहा येथील डब्ल्यूओडब्ल्यू या केंद्रावर काम करत असतानाचा त्यांचा एक उपक्रम येथे आवर्जून सांगायला हवा. शहरातील न्यायालयाच्या छतावर बसणाऱ्या कबुतरांच्या मुलाखती घेण्याचे नाटक ते करत आणि ही कबुतरे आपण वरून पाहिलेला स्थानिक पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार कथन करत. त्यांची पुढील कारकीर्द या प्रसंगात बीजरूपाने दिसते. आरोप करणारा कोणी वेगळाच, कार्सन केवळ भाबडेपणाने प्रश्न विचारणारे. आपल्याकडे तमाशातील सोंगाड्या राजाच्या तोंडावर जे बोलून जातो, त्याच जातीचे हे कसब होते.

१९५१ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. रेड स्केल्टन या विनोदी कलावंतासाठी ते लेखन करत. १९५४ मध्ये थेट प्रक्षेपणापूर्वी अवघा तासभर आधी स्केल्टन सरावात जखमी झाले आणि कार्सन यांना ऐनवेळी त्यांच्या जागी उभे करण्यात आले. त्यातून त्यांना सीबीएस वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, पण तो वर्षभरही टिकला नाही. १९५७ पासून न्यूयॉर्कमध्ये प्रश्नमंजूषेच्या एका कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांनी केले आणि १ ऑक्टोबर १९६२ रोजी जॅक पार यांच्यानंतर टुनाइट शोची सूत्रे स्वीकारली. ती पुढे जवळपास तीस वर्षे त्यांच्याच हाती राहिली.

कार्यक्रमाची रचना ठरलेली होती. सहकारी एड मॅकमॅहन यांची लांबलचक हाक, डॉक सेव्हरिन्सन यांच्या वाद्यवृंदाची धून, पडद्याआडून कार्सन यांचे आगमन आणि मग ताज्या घडामोडींवरील काही मिनिटांचे विनोदी निवेदन. पाहुण्यांच्या गप्पा त्यानंतर. भारतात १९९७ मध्ये सुरू झालेला शेखर सुमन यांचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा साचा परिचयाचा वाटेल. कधी डोक्याला मोठा फेटा गुंडाळून बंद पाकिटातील प्रश्न न वाचताच उत्तर सांगणारा कार्नाक नावाचा पौर्वात्य ज्योतिषी ते रंगवत. त्या फेट्याचा पूर्वेकडील कोणत्याही देशाशी संबंध नव्हता, पण पाकिटातून बाहेर पडणारे प्रश्न अनेकदा थेट वॉशिंग्टनचे असत.

निवेदनाचा कच्चा माल वृत्तपत्रे पुरवत. लेखकांचा चमू दिवसभराच्या बातम्यांवर विनोद लिहून देई आणि कार्सन त्यातून निवड करत. बरबँकमध्ये सायंकाळी साडेपाचच्या सुमारास ध्वनिचित्रमुद्रण होत असे. त्या वेळी तीन तास पुढे असलेल्या वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे साडेआठ वाजलेले असत, म्हणजेच दिवसभराच्या बातम्या हाती आलेल्या असत. पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेअकरा वाजता कार्यक्रम दिसे. सकाळी वृत्तपत्रात वाचलेली किंवा वाचायची राहून गेलेली बातमी रात्री झोपण्यापूर्वी अशी पुन्हा समोर येत असे.

वॉटरगेट प्रकरणात याचे महत्त्व विशेष होते. प्रारंभीच्या काही महिन्यांत वॉशिंग्टन पोस्टचे बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांच्यासह मोजकेच पत्रकार या प्रकरणाचा चिकाटीने पाठपुरावा करत होते. मतदारांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. नोव्हेंबर १९७२ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. मे १९७३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर साक्षी सुरू झाल्या, त्या दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आल्या आणि चित्र पालटले. जुलैमध्ये व्हाइट हाउसमधील गुप्त ध्वनिमुद्रण यंत्रणेची माहिती उघड झाली. ऑक्टोबरमध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना पायउतार व्हावे लागले. नोव्हेंबरमध्ये एका महत्त्वाच्या फितीतील साडेअठरा मिनिटांचे संभाषण पुसले गेल्याचे निष्पन्न झाले. कोणत्याही विनोदी लेखकाला सुचणार नाही असा हा मजकूर घटनाच पुरवत होत्या.

कार्सन यांनी यातील काहीही शोधून काढले नाही. मात्र ज्याला समिती, साक्ष आणि घटनात्मक विशेषाधिकार यांच्या तपशिलात रस नव्हता, त्या प्रेक्षकालाही पुसलेल्या फितीवरील विनोद समजत होता. स्टुडिओत बसलेले प्रेक्षक देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले असत. निक्सन यांच्यावरील विनोदाला ते हसतात की नाराजी दर्शवतात, याचा अंदाज कार्सन यांना रोजच येत असे. प्रेक्षक कुरकुरले तर ते विषय सोडून देत. मध्य अमेरिकेतील ज्या मतदारांनी निक्सन यांना भरभरून मते दिली होती, त्यांच्याच प्रांतातून आलेला हा सभ्य, नीटनेटका माणूस आता निक्सन यांच्यावर विनोद करत होता आणि लोक हसत होते. उजव्या किंवा डाव्या बाजूच्या एखाद्या कडव्या टीकाकाराला हे साधले नसते. ८ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

या विश्वासाला दुसरी बाजूही होती, आणि ती डिसेंबर १९७३ मध्ये दिसली. अरब देशांच्या तेलबंदीमुळे अमेरिकेत तेव्हा पेट्रोलची टंचाई होती आणि सरकारच्या शब्दावर लोकांचा भरवसा उरला नव्हता. विस्कॉन्सिनमधील रिपब्लिकन प्रतिनिधी हॅरॉल्ड फ्रेलिक यांनी सरकारी कागद खरेदीतील अडचणींविषयी एक पत्रक काढले होते. त्याच्या आधारे १९ डिसेंबरच्या कार्यक्रमात कार्सन यांनी टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला. प्रेक्षकांनी तो बातमी म्हणून घेतला. दुसऱ्या दिवसापासून दुकानांतील फळ्या रिकाम्या होऊ लागल्या आणि नसलेली टंचाई खरोखरच निर्माण झाली. अखेर कार्सन यांना कार्यक्रमातूनच खुलासा करावा लागला. राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनावर विश्वास न ठेवणारा देश विनोदवीराच्या वाक्यावर विश्वास ठेवतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. याच फ्रेलिक यांनी जुलै १९७४ मध्ये न्यायविषयक समितीत स्वपक्षाच्या निक्सन यांच्याविरुद्ध महाभियोगाच्या बाजूने मत दिले, पण लोकांच्या स्मरणात राहिला तो कागद.

आपल्या प्रभावाची कार्सन यांना धास्तीच वाटत असावी. १९७९ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात माइक वॉलेस यांनी त्यांना गंभीर प्रश्नांना हात न घालण्याबद्दल विचारले असता, विनोदी कलावंताने स्वतःला फार महत्त्वाचे समजू लागणे हा मोठा धोका आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. टीकाकारांना ही पळवाट वाटे. व्हिएतनाम युद्ध किंवा वर्णसंघर्ष यांवर कार्यक्रमात फारसे बोलले जात नाही, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. जानेवारी १९६८ मध्ये केनेडी हत्येच्या कटाचा दावा करणारे सरकारी वकील जिम गॅरिसन यांची त्यांनी घेतलेली कठोर उलटतपासणी हा अपवाद होता. कार्सन यांनी मनात आणले असते तर ते उत्तम मुलाखतकार पत्रकार ठरले असते, असे त्यावरून वाटते. त्यांनी ते मनात आणले नाही.

पुढील काळात सत्ताधारी बदलले, पण निवेदन तसेच राहिले. रोनाल्ड रेगन हे त्यांचे जुने परिचित, तरीही कार्सन त्यांची नक्कल करत. मे १९८७ मध्ये मियामी हेराल्डच्या पत्रकारांनी माजी सिनेटर गॅरी हार्ट यांच्या वॉशिंग्टनमधील घराबाहेर पाळत ठेवून त्यांचे खासगी संबंध उघड केले, तेव्हा रात्रीच्या विनोदांना ऊत आला आणि हार्ट यांनी उमेदवारी मागे घेतली. राजकारण्यांनी यातून योग्य तो बोध घेतला. जुलै १९८८ मध्ये अर्कान्सासचे तरुण गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी पक्षाच्या अधिवेशनात कंटाळवाणे, लांबलचक भाषण केले. कार्सन यांच्या चेष्टेला उत्तर म्हणून ते थेट त्यांच्याच कार्यक्रमात हजर झाले. कार्सन यांनी त्यांची ओळखही मुद्दाम लांबवली आणि मेजावर वाळूचे घड्याळ मांडले. क्लिंटन मनमोकळे हसले, सॅक्सोफोन वाजवला आणि त्यांची बुडती प्रतिमा सावरली. दूरचित्रवाणीवरील हसू पचवले तर ते उपयोगीही पडते, हे त्या रात्री दिसले.

खासगी आयुष्यात कार्सन अबोल आणि लोकांपासून दूर राहणारे होते. चार विवाह, तीन घटस्फोट आणि १९८२ मध्ये मद्यप्राशन करून वाहन चालवल्याबद्दल झालेली अटक, हे सारे प्रेक्षकांना ठाऊक होते, कारण ते स्वतःवरही विनोद करत. जून १९९१ मध्ये त्यांचा मुलगा रिक याचा अपघाती मृत्यू झाला. पुढील वर्षी, २२ मे १९९२ रोजी, कार्सन यांनी कार्यक्रमाचा निरोप घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यांना राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्य पदक प्रदान केले.

निवृत्तीनंतर ते जवळजवळ अदृश्य झाले. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावर महाभियोगाची वेळ आली आणि रात्रीच्या सर्वच कार्यक्रमांना उधाण आले, तेव्हा कार्सन पडद्यावर नव्हते. २३ जानेवारी २००५ रोजी फुप्फुसाच्या विकाराने वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांतील एक गोष्ट मात्र त्याच सुमारास सर्वांना कळली. मालिबू येथील घरी ते वृत्तपत्रे वाचत आणि सुचलेले विनोद सीबीएसवरील डेव्हिड लेटरमन यांच्याकडे पाठवत. ३१ जानेवारीच्या कार्यक्रमात लेटरमन यांनी नेहमीसारखे निवेदन केले, प्रेक्षक हसले, आणि त्यानंतर लेटरमन यांनी सांगितले की त्या रात्रीचे सगळे विनोद कार्सन यांनी लिहिलेले होते.