घरोघरी फिरून रंगवलेला नकाशा: डू बॉइस यांनी फिलाडेल्फियात काय शोधलं?

फिलाडेल्फिया शहराच्या एका जुन्या वस्तीचा डिजिटल नकाशा आहे. त्यातलं घर निवडलं की १९०० साली तिथे कोण राहत होतं ते कळतं. वय किती, जन्म कुठला, काम काय, लिहिता-वाचता येत होतं का, हे सगळं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या हस्तलिखित नोंदी एकेका घराशी जोडून तो तयार केला. हायस्कूलच्या मुलांना वंश आणि वर्ग हे विषय शिकवण्यासाठी त्यावर पाठही बेतले.

पण या नकाशाची मूळ कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. २८ वर्षांच्या एका संशोधकाने याच गल्ल्या पायी तुडवून हा नकाशा पहिल्यांदा रंगवला होता. त्याचं नाव डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. (आडनाव फ्रेंच वळणाचं असलं तरी ते स्वतः 'बॉइस' असाच उच्चार करायचे.)

कोण होते डू बॉइस?

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातला. वडील लहानपणीच घर सोडून गेलेले, आई कष्ट करून घर चालवणारी. गावातल्या चर्चेसनी पैसे जमवले आणि हा हुशार मुलगा दक्षिणेतल्या फिस्क विद्यापीठात शिकायला गेला. तिथून हार्वर्ड, मग बर्लिन. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

एवढं शिकूनही अमेरिकेतल्या कोणत्याही गोऱ्या विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळण्यासारखी नव्हती. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बोलावलं, तेही तात्पुरत्या साहाय्यकाच्या पदावर. काम होतं शहरातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास करण्याचं. शहर बिघडतंय ते याच लोकांमुळे, असा अनेक प्रतिष्ठितांचा समज होता. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं, फक्त त्यावर अभ्यासाचा शिक्का हवा होता. या हेतूची तेव्हा आपल्याला ना कल्पना होती ना पर्वा, असं डू बॉइस यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

त्यांनी काम स्वीकारलं, पण पद्धत स्वतःची ठेवली. नुकतंच लग्न झालेली पत्नी नीना हिच्यासह ते सातव्या वॉर्डातच एका खोलीत राहायला गेले. उत्तरेला स्प्रूस स्ट्रीट, दक्षिणेला साऊथ स्ट्रीट, पूर्वेला सेव्हन्थ स्ट्रीट आणि पश्चिमेला स्कूलकिल नदी, असा हा लांबट पट्टा. हातात प्रश्नावल्या घेऊन ते दारोदार फिरले. या वॉर्डातल्या ९,६७५ कृष्णवर्णीयांची माहिती त्यांनी जमवली. इसाबेल ईटन यांनी घरकाम करणाऱ्यांचा वेगळा अभ्यास केला, बाकी सर्वेक्षणाचं ओझं त्यांनी एकट्याने उचललं.

मग आला नकाशा. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीचे रंगीत नकाशे काढले होते, शिकागोत हल हाउसच्या महिलांनीही तसं काम केलं होतं. डू बॉइस यांनी तीच वाट धरली. कृष्णवर्णीयांच्या प्रत्येक घराला आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार चारपैकी एक दर्जा आणि त्याचा रंग दिला. एकाच गल्लीत चारही रंग दिसू लागले. 'ते सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांना यापेक्षा सरळ उत्तर कुठलं असणार? १८९९ मध्ये आलेल्या 'द फिलाडेल्फिया नीग्रो' या पुस्तकात त्यांनी दाखवलं की रंगामुळे चांगल्या नोकऱ्या बंद आहेत, वाईट घरांना भाडं मात्र जास्त आहे आणि मृत्यूचं प्रमाण त्यातूनच वाढतं.

सूची कोणी लिहिली?

इथे एक अडचण आहे, आणि माझ्या मते वर्गात शिकवण्यासारखा खरा भाग तोच आहे. चारपैकी सगळ्यात खालच्या दर्जाचं नाव होतं 'दुराचारी आणि गुन्हेगार वर्ग'. अमुक घर या रंगात आणि शेजारचं दुसऱ्या रंगात, हे ठरवलं कोणी? सुशिक्षित, शिस्तप्रिय, काहीशा सोवळ्या वृत्तीच्या डू बॉइस यांनी. भूगोलाच्या पुस्तकात आपण नकाशाची सूची, दिशा, प्रमाण पाठ करतो, पण सूची लिहिणारा माणूस कोण होता हे क्वचितच विचारतो.

याची पुढची पायरी भयंकर आहे. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अमेरिकेतल्या दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे कर्ज देण्यास धोकादायक. रिचमंड विद्यापीठाच्या पुढाकाराने हे नकाशेही आता डिजिटल रूपात पाहता येतात आणि शाळांमध्ये वापरले जातात. तंत्र जवळपास तेच, पण डू बॉइस यांचे रंग अन्यायाची कारणं शोधत होते आणि हे रंग तो अन्याय पक्का करत होते. हे दोन नकाशे शेजारी ठेवले तर मुलांना वेगळं भाषण द्यायची गरज पडू नये.

खुद्द डू बॉइस यांचाही निव्वळ आकड्यांवरचा विश्वास त्याच वर्षी डळमळला. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने छळ करून जाळलं. तेव्हा अटलांटात शिकवणारे डू बॉइस त्याबद्दलचं निवेदन घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. होजच्या बोटांची हाडं पुढच्याच एका दुकानात मांडली आहेत, हे त्यांना वाटेत समजलं. ते माघारी फिरले. माणसं जाळली जात असताना शांत, अलिप्त शास्त्रज्ञ राहता येणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. पुढच्याच महिन्यात त्यांचा लहानगा मुलगा घटसर्पाने गेला.

तरी नकाशे थांबले नाहीत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे साठ तक्ते आणि नकाशे हाताने काढून घेतले. आजही ते पाहिले तर गेल्या आठवड्यात कोणी डिझाइन केल्यासारखे वाटतात.

पुढचं आयुष्य मोठं आहे. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि १९१० पासून चोवीस वर्षं तिच्या 'द क्रायसिस' मासिकाचे संपादक. हे मासिक न्यूयॉर्कमधून निघत असताना त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांसाठीही तसं पाऊल उचलण्याचा त्यांचा विचार होता. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवलं.

१९५१ मध्ये, ८३ व्या वर्षी, परकीय हस्तक असल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. तरी पासपोर्ट १९५८ पर्यंत मिळाला नाही. १९६१ मध्ये ते घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा शहरात त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या मोर्चात जमलेल्या लाखोंना व्यासपीठावरून ही बातमी सांगण्यात आली.