ध्वनीला दिशा देणारा : ॲलन ब्लुमलाइन

१९३१ सालची गोष्ट. लंडनच्या एका चित्रपटगृहात एक तरुण इंजिनिअर आपली भावी पत्नी डोरीन हिच्यासह बसला होता. चित्रपट बोलू लागून फार दिवस झाले नव्हते. पडद्यावरचा नट या टोकाचा त्या टोकाला जाई, आवाज मात्र एकाच जागेवरून येई. इतर प्रेक्षकांचे त्यामुळे काही अडले नाही. या तरुणाला मात्र ते खटकले. येथे एखादा अंध मनुष्य बसला असता तर तो पार गोंधळला असता, असे त्याने डोरीनला सांगितले आणि यावरचा उपाय आपल्याजवळ आहे, असेही सांगून टाकले.

हा तरुण म्हणजे ॲलन डॉवर ब्लुमलाइन. जन्म २९ जून १९०३, लंडन. सातव्या वर्षी घरच्या दारावरची घंटा दुरुस्त करून त्याने वडिलांना रीतसर बिल दिले व खाली सही करताना विद्युत अभियंता असे लिहिले! वाचन मात्र त्याला बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत धड येत नव्हते म्हणतात. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला.

१९२९ साली तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. त्या काळी विद्युत ध्वनिमुद्रणाचे हक्क अमेरिकन कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे तिला पैसे मोजावे लागत. ब्लुमलाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाची सर्वस्वी वेगळी यंत्रणा उभी केली. होल्मन या सहकाऱ्यासमवेत त्याने जो मायक्रोफोन बनवला त्याला दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘एचबी-१’ हे नाव पडले. चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे हे त्याचे मर्म. प्रत्येक मायक्रोफोनला स्वतःचा असा एक कंप असतो व तो गायकाच्या आवाजात मिसळतो. जे गायले तेच उमटावे, मायक्रोफोनने पदरचे काही घालू नये, हा त्याचा आग्रह. १९३१ साली कोलंबिया आणि आपल्याकडे घरोघर माहीत असलेली एच. एम. व्ही. या एक होऊन ई. एम. आय. कंपनी झाली.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने आपल्या उपायाचा पेटंट-अर्ज दाखल केला. त्यात सत्तर दावे होते. आपल्याला दोन कान असतात व त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या ध्वनीत सूक्ष्म फरक पडतो. त्यावरून दिशा कळते. मग दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात ठेवावेत आणि तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन ध्वनी कोरावेत. इतकी साधी कल्पना आधी कोणाला का सुचली नाही, याचेच नवल वाटते. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत सर टॉमस बीचम मोत्सार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम घेत असता ती या पद्धतीने मुद्रित झाली. पुढच्या वर्षी हेज स्टेशनात धावणाऱ्या आगगाड्यांचा बोलपट घेतला. गाडी जिकडे जाई तिकडे आवाजही जाई.

कंपनीला त्यात व्यापार दिसला नाही. ब्लुमलाइनला दूरचित्रवाणीच्या कामाला जुंपण्यात आले. तेथेही त्याने कसूर केली नाही. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी. बी. सी.ने नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा ई. एम. आय.च्या ४०५ रेषांच्या यंत्रणेत त्याचा मोठा वाटा होता. मग युद्ध आले. रात्रीच्या काळोखात विमानातून खालची भूमी दाखवणाऱ्या ‘एच-टू-एस’ रडारवर तो काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी घेत असता हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि विमान हेरफर्डशायरमध्ये कोसळले. अकराही जण गेले. इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता, असे पुढे चौकशीत आढळले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही बातमी त्या वेळी दडवून ठेवण्यात आली. एकशे अठ्ठावीस पेटंटे नावावर असलेला हा माणूस अडतिसाव्या वर्षी गेला आणि वर्तमानपत्रांत त्याच्यासाठी चार ओळीही आल्या नाहीत. डोरीनजवळ दोन लहान मुले होती.

स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या त्या १९५८ साली. त्यांच्या खाचेच्या दोन भिंती ब्लुमलाइनने १९३१ च्या अर्जात सांगितल्या होत्या तशाच, पंचेचाळीस अंशांत कललेल्या होत्या.